बंद पडलेला रेडिओ जातो कुठे?



मागच्या महिन्यातली गोष्ट. मधली सुट्टी झाली होती. शाळेच्या मागून, नाल्याच्या बाजूने काळा धूर येताना दिसला. वास तर असा, की डोळ्यांतून पाणी यायला लागले. आम्ही दोघे शिक्षक धावत गेलो. पाहतो तर आपल्याच शाळेतली तीन मुले! मधे वायरचे भेंडोळे पेटवलेले, आणि एक जण काडीने ते उलटेपालटे करत बसलेला.

"काय चाललंय रे हे?" आम्ही विचारले.

दोघे गप्प. तिसरा भीत भीत म्हणाला, "गुरुजी, वायर जाळली का आतलं तांबं मोकळं होते. कबाडी त्याचे पैसे देते."

"अन् पैसे कशाला पाहिजे तुला?"

त्याने मान खाली घातली. "कंपासपेटी घ्याची हाये."

त्याला रागवायचे आमच्या मनात होते, पण रागावता आले नाही. मुलगा चोरी करत नव्हता, कष्टच करत होता. त्या धुरात काय असते हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. ते सांगणे आमचे काम होते आणि ते आमच्याकडून राहून गेले होते. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिघेही खोकत होते. म्हणून या वेळचे भित्तिपत्रक याच विषयावर काढले आहे. त्या मुलांची नावे इथे लिहिलेली नाहीत. कोणी विचारूही नये.

ई-कचरा म्हणजे काय?

विजेवर किंवा सेलवर चालणारी वस्तू बिघडली, जुनी झाली, आणि आपण ती टाकून दिली, की तिला ई-कचरा म्हणतात. आता आपल्या घरात नजर फिरवा. आबाजींचा रेडिओ, ज्यावर ते आकाशवाणी नागपूरच्या बातम्या ऐकायचे, तो माळ्यावर पडला आहे. जुना डबा टीव्ही कोपऱ्यात आहे आणि त्यावर आईने देवाचा फोटो ठेवला आहे. तुटके चार्जर आहेत, बटन दाबून दाबून झिजलेला मोबाइल आहे, गेलेल्या ट्यूबलाइट आहेत, मिक्सर आहे, कूलरची जळलेली मोटर आहे. वावरात जा. पंपाचा जुना स्टार्टर, फवारणीच्या बॅटरीपंपाची मेलेली बॅटरी, रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनची बॅटरी. म्हणजे हा कचरा फक्त नागपूर शहराचा आहे असे समजू नका. तो आपल्या सांधवाडीत आणि धुऱ्यावरही आहे.

साऱ्या जगाचा हिशेब केला, तर २०२२ या एका वर्षात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला. त्यातला चौथा हिस्सासुद्धा योग्य रीतीने गोळा होऊन कारखान्यात पोचल्याची नोंद नाही. उरलेला कुठे गेला? कुठे माळ्यावर, कुठे उकिरड्यावर, कुठे नाल्यात आणि कुठे आपल्या मुलांनी पेटवली तशा आगीत.

आत असते तरी काय?

साधा टॉर्चचा सेल घ्या. (फोडायचा नाही बरं का! फक्त समजून घ्यायचे.) बाहेरचे भांडे जस्ताचे असते. मधे कार्बनची काळी कांडी असते. कांडीभोवती काळा मसाला असतो, त्यात मँगनीज डायऑक्साइड असते. आमच्या लहानपणी आम्ही सेल फोडून तो मसाला काढायचो आणि त्यात पाला कुटून शाळेचा फळा काळा करायचो. हातही काळे, तोंडही काळे! तेव्हा गंमत वाटायची. आता वाटते, ते बरे नव्हते.

आणि हे मँगनीज येते कुठून? आपल्या शेजारूनच. नागपूर जिल्ह्यात रामटेकजवळ मनसर आणि कांद्री इथे मँगनीजच्या खाणी आहेत. भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्गची खाण आहे. तिथले मँगनीज डायऑक्साइड सेल बनवणाऱ्या कारखान्यांना जाते. या खाणी चालवणाऱ्या मॉयल कंपनीचे मुख्य कार्यालय नागपुरातच आहे. म्हणजे आपल्या मजुरांनी घाम गाळून जमिनीतून काढलेली वस्तू आपण चार महिने टॉर्च पेटवून उकिरड्यावर फेकतो.

तांब्याचेही तसेच आहे. आपल्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंड इथे तांब्याची मोठी खाण आहे. तिथल्या शंभर किलो दगडातून जेमतेम किलोभर तांबे मिळते. आणि वायरमध्ये? वरची रबरासारखी साल काढली, की आत जवळजवळ निव्वळ तांबेच! ॲल्युमिनियम पाहा. खनिजापासून नवे ॲल्युमिनियम बनवायला १०० युनिट वीज लागत असेल, तर जुने वितळवून पुन्हा वापरायला सुमारे ५ युनिट पुरते. कोराडी आणि खापरखेडा इथे वीज तयार करायला किती कोळसा जळतो आणि किती राख उडते, हे त्या बाजूच्या मुलांना वेगळे सांगायला नको.

हा झाला चांगला माल. आता वाईट माल ऐका. जुन्या डबा टीव्हीच्या काचेत किलो-दोन किलो शिसे असते. जुन्या सर्किटच्या डाखातही शिसे असते. ट्यूबलाइट आणि पिळदार सीएफएल दिव्यात थोडा पारा असतो. काही जुन्या चार्ज होणाऱ्या सेलमध्ये कॅडमियम असते. या वस्तू साबूत आहेत तोवर हे विष आत बंद असते. फोडले, जाळले, की ते बाहेर येते.

जाळले तर काय होते?

वायरची साल ज्या प्लास्टिकची असते, ते जळताना आम्लाचा वायू सुटतो. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, खोकला येतो. त्याच धुरात डायऑक्सिन नावाचे विष तयार होते. ते दिसत नाही. ते गवतावर, मातीवर बसते. ते गवत शेळी खाते, तिथले किडे कोंबडी टिपते. मग ते दुधातून आणि अंड्यातून आपल्या ताटात येते आणि शरीरातल्या चरबीत वर्षानुवर्षे मुक्काम करते.

शिशाचे तर विचारूच नका. मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाचे शरीर शिसे जास्त ओढून घेते. ते मेंदूला बाधते. लक्षात राहत नाही, अभ्यासात मन लागत नाही, चिडचिड होते. एवढे शिसे चालेल, अशी सुरक्षित मर्यादाच डॉक्टरांना सापडलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली खास इशारा दिला, की ई-कचऱ्याच्या धुरात आणि राखेत काम करणाऱ्या मुलांचे आरोग्य धोक्यात आहे. आता सांगा, कंपासपेटीसाठी वायर जाळायची आणि त्या कंपासपेटीने भूमिती शिकायचे जे डोके, तेच बिघडवून घ्यायचे, हा सौदा कसा परवडेल?

उत्तर प्रदेशात मुरादाबाद नावाचे शहर आहे. पितळेच्या भांड्यांसाठी ते प्रसिद्ध. तिथे लोक पोटासाठी सर्किट जाळायला लागले आणि काळी राख रामगंगा नदीच्या काठावर साचत गेली. शेवटी २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाला, नदीकाठी असा कचरा टाकणाऱ्याला १ लाख रुपये दंड, असे ठरवावे लागले. आपल्या जिल्ह्यात कन्हान आहे. तिचे पाणी नागपूर शहर पिते आणि पुढे ती वैनगंगेला मिळते. नाल्यात टाकलेली राख पहिल्या पावसात कुठल्या वाटेने जाईल, ते नकाशात बोट फिरवून पाहा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण मारबत काढतो. ती गावाबाहेर नेऊन जाळली, की ईडापीडा गेली असे म्हणतो. वायरीचे तसे होत नाही. ती गावाबाहेर जाळली, तरी पीडा वाऱ्यावर बसून पुन्हा गावातच येते.

जुन्या मोबाइलचे सुवर्णपदक

७ ऑगस्ट २०२१ चा दिवस आठवतो का? तुम्ही लहान असाल. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये आपल्या नीरज चोप्राने ८७.५८ मीटर भाला फेकला आणि सुवर्णपदक जिंकले. ते पदक कशाचे होते माहीत आहे? कचऱ्याचे!

जपानच्या लोकांनी ठरवले, की पदकांसाठी नवी खाण खोदायची नाही. २०१७ ते २०१९ अशी दोन वर्षे देशभर जुन्या वस्तू गोळा केल्या. सुमारे ७९ हजार टन लहान-मोठी उपकरणे जमली आणि सुमारे ६२ लाख मोबाइल जमले. त्यातून सुमारे ३२ किलो सोने, साडेतीन हजार किलो चांदी आणि २२०० किलो कांस्याची धातू निघाली. त्यातून सुमारे ५ हजार पदके बनली. सुवर्णपदक आतून चांदीचेच असते आणि वर सहा ग्रॅमच्या वर सोन्याचा मुलामा असतो. पण ती चांदी आणि ते सोने कुणाच्या तरी खणात पडलेल्या बंद मोबाइलमधले होते.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, मग आम्हीच घरी मोबाइल फोडून सोनं काढतो की!" नाही बापा. एका मोबाइलमध्ये सोने चिमटीतही येणार नाही इतके कमी असते आणि ते काढायला तेजाब लागते. कारखान्यात हे काम बंद यंत्रात, धूर गाळून आणि पाणी शुद्ध करून होते. आधी वस्तू हाताने सुटी करतात. मग तुकडे करतात. चुंबकाने लोखंड ओढून घेतात. हलके प्लास्टिक आणि जड धातू वेगळे करतात, जसे आपण खळ्यावर धान्य उपणतो आणि भूस उडून जाते, तसे. शेवटी तांबे, चांदी, सोने निघते. धातू कितीही वेळा वितळवली, तरी पुन्हा कामी येते.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशाने ई-कचऱ्याचे नियम २०११ साली केले आणि ते १ मे २०१२ पासून लागू झाले. नंतर ते २०१६ साली बदलले. सध्या २०२२ चे नियम आहेत, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांचा गाभा एका वाक्यात सांगतो: ज्या कंपनीने वस्तू बनवून विकली, तिनेच ती जुनी झाल्यावर नोंदणी झालेल्या कारखान्यात पोचून मार्गी लागेल हे पाहायचे. सेल-बॅटरीसाठी २०२२ सालीच वेगळे नियम झाले आणि त्यांतही हेच तत्त्व आहे.

चार्जरवर किंवा बॅटरीवर नीट पाहा. चाकाच्या कचरापेटीचे बारीक चित्र असते आणि त्यावर फुली मारलेली असते. त्याचा अर्थ असा, की हे साध्या कचऱ्यात टाकू नका.

मग हा कायदा गावात का दिसत नाही? त्याचे उत्तर ट्रॅक्टरच्या बॅटरीत आहे. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी कधी उकिरड्यावर पडलेली पाहिली का? नसेलच. कारण नवी घ्यायला गेले, की दुकानदार जुनी ठेवून घेतो आणि किमतीत सूट देतो. जाण्याची वाटही ठरलेली आणि दोन पैशांचा फायदाही. मोबाइल, चार्जर, ट्यूबलाइट यांची अशी वाट आपल्या बाजारापर्यंत अजून आलेली नाही. ती येईपर्यंत वाट पाहत बसण्यापेक्षा आपणच पायवाट पाडू या.

मग आपण काय करायचे?

पहिली गोष्ट, दुरुस्ती. पंख्याचा कंडेन्सर गेला म्हणून पंखा गेला असे होत नाही. आठवडी बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे असतात, नागपुरात बर्डीवर मोबाइल दुरुस्त करणारी ओळीने दुकाने आहेत. वस्तू चार वर्षे जास्त चालली, तर कचरा चार वर्षे उशिरा होतो आणि बापाचे पैसे वाचतात.

दुसरी गोष्ट, वेगळे ठेवणे. आपल्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर, सावलीत, एक झाकणाची लाकडी पेटी ठेवली आहे. तीत बंद चार्जर, वायर, रिमोट, इअरफोन, जुने मोबाइल आणा. सेलसाठी वेगळी प्लास्टिकची बरणी आहे. ट्यूबलाइट तिच्या पुठ्ठ्याच्या वेष्टनात घालून मोठ्या माणसानेच आणावी. टीव्ही, फ्रिज आणायचे नाहीत, त्यांची फक्त यादी द्यायची.

तिसरी गोष्ट, आईवडिलांना विचारल्याशिवाय घरून काहीही आणायचे नाही. मोबाइल देण्याआधी सिमकार्ड आणि मेमरीकार्ड काढून घ्यायचे, आणि फोटो व बँकेची माहिती पुसायला घरातल्या जाणत्या माणसाला सांगायचे.

चौथी गोष्ट, पोचवणे. एका गावचा कचरा न्यायला एवढ्या दुरून गाडी येणार नाही, हे उघड आहे. म्हणून आपल्या केंद्रातल्या सगळ्या शाळांनी मिळून माल एका ठिकाणी जमवायचा, असे केंद्रप्रमुखांशी बोलणे झाले आहे. नोंदणी झालेल्या कारखान्यांची यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असते आणि मंडळाचे कार्यालय नागपुरात आहे. त्या यादीतल्याच कारखान्याला माल द्यायचा, वजन करून द्यायचा आणि पावती घ्यायची. पावती या भित्तिपत्रकावर लावली जाईल. पैसे आले तर किती आले आणि कशाला खर्च झाले, तेही इथेच लिहिले जाईल.

१४ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ई-कचरा दिन आहे. दसरा-दिवाळीची झाडझूड त्याच सुमारास असते. घरातला माळा तेव्हाच रिकामा होतो. तोच आपला गोळा करण्याचा दिवस ठरवला आहे.

शाळेचे जुने संगणक

काही मुलांनी विचारले, की शाळेच्या खोलीत बंद पडलेले संगणक आहेत, ते आधी का देत नाही? प्रश्न बरोबर आहे. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान आणि स्वतः कोरडा पाषाण, असे व्हायला नको. पण ती सरकारी मालमत्ता आहे. तिची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत असते. वस्तू निकामी झाली असे ठरवून, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून आणि वरून मंजुरी घेऊन ती नोंदीतून कमी करावी लागते. याला निर्लेखन म्हणतात. त्याला वेळ लागतो, पण कागद पाठवायचे ठरले आहे. मंजुरी आली, की संगणकही त्याच गाडीत जातील.

कबाडीवाले भाऊ आपले शत्रू नाहीत

ही गोष्ट मुद्दाम लिहितो. उन्हातान्हात सायकल ढकलत तो माणूस रद्दी, लोखंड, बाटल्या, डबे नेतो म्हणून गाव स्वच्छ राहते. तो माल त्यालाच द्यायचा. फक्त सेल, ट्यूब, सर्किट आणि वायर याबद्दल त्याला नम्रपणे सांगायचे, की "भाऊ, हे जाळू नका. धूर आधी तुमच्याच छातीत जाते." त्याच्याही घरी तुमच्याएवढी लेकरे आहेत.

हे मात्र कधीच करू नका

१. वायर, सर्किट, सेल जाळू नका. चुलीत तर मुळीच नाही.

२. फुगलेली मोबाइलची बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका. ती पेट घेऊ शकते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर फारच जपा. मोठ्या माणसाला सांगून ती कोरड्या रेतीच्या भांड्यात, घराबाहेर सावलीत ठेवा.

३. घड्याळाचा किंवा खेळण्याचा बटनसेल तोंडात घालू नका. लहान भावंडाने गिळला तर घरगुती उपाय करत बसू नका, ताबडतोब दवाखान्यात न्या. तो गळ्यात अडकला तर काही तासांत आतून जखम करतो.

४. ट्यूब फुटली तर झाडूने झाडू नका. दारे-खिडक्या उघडा, थोडा वेळ बाहेर थांबा. मोठ्या माणसाने जाड पुठ्ठ्याने काचा उचलाव्या आणि ओल्या कापडाने जागा पुसावी.

५. टीव्हीची काच फोडू नका, फ्रिजची नळी कापू नका.

करून पाहा

आज घरी जाऊन पाटीवर किंवा वहीत यादी करा. विजेच्या किंवा सेलच्या बंद वस्तू किती? त्यातल्या दुरुस्त होण्यासारख्या किती? फुली मारलेल्या कचरापेटीचे चित्र किती वस्तूंवर सापडले? शनिवारी वर्गशिक्षकांकडे याद्या द्या. इयत्तावार बेरीज करून पुढच्या अंकात तक्ता लावू.

जाता जाता एक सांगायचे राहिले. व्हरांड्यातली लाकडी पेटी कोणी बनवली? नाल्यावर वायर जाळणाऱ्या त्या तिघांनीच. एकाचे वडील सुतारकाम करतात, त्यांनी फळ्या दिल्या. पेटीची किल्ली आणि वजनाची वही आता त्या तिघांकडे आहे. वहीत रेघा अगदी सरळ मारलेल्या आहेत. कारण कंपासपेटी आली आहे, आणि ती वायर न जाळता आली आहे.